रक्ताचं नातं नाही, तरी डबा रोज येतो

प्रश्न : आम्ही धाटावला राहतो. यजमान एमआयडीसीतल्या कारखान्यात आहेत. आमच्या शेजारी मूळचं नगरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारणीचं बाळंतपण झालं. तिचं माहेर लांब, सासूबाई हयात नाहीत. पण महिनाभर तिला गॅस पेटवावा लागला नाही, इतके डबे येत होते. कुणी तामिळ, कुणी केरळची, एक झारखंडची, दोघी मराठी. रोज एकीची पाळी. त्यातली एक तर सकाळी बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन मग स्वतःच्या ड्यूटीवर जायची. सगळ्या एकमेकींना ताई नाहीतर सिस्टर म्हणतात. माझ्या सासूबाई म्हणतात, "ही चर्चची माणसं, त्यांना तसं शिकवलेलंच असतं. हे काही खरं नातं नव्हे." मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. हे नातं येतं कुठून? त्यांच्यात जातपात नसते का? आणि त्यांनी मला बायकांच्या प्रार्थनेला बोलावलंय. मी जावं का?
— एक वाचक, धाटाव (ता. रोहा)

उत्तर : सासूबाईंचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. हे नातं शिकवलेलंच आहे. पण न शिकवता कुठलं नातं आलंय? "ही तुझी आत्या, नमस्कार कर" असं पोराला सांगावंच लागतं. नवी सून घरात आली की कोण थोरली जाऊ, कोण चुलत नणंद, कुणाला अहो-जाहो करायचं आणि कुणाला नाही, हे तिला महिनोन्‌महिने समजावत बसतात. शिकवलेलं अंगात मुरलं की त्यालाच आपण रक्ताची ओढ म्हणतो. बाळंतिणीच्या घरी महिनाभर पाळी न चुकता डबा येत असेल, तर शिकवण मुरली आहे असंच मी म्हणेन.

ही शिकवण कुठली, ते आधी सांगतो. शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू एका घरात लोकांमध्ये बसला आहे, गर्दी इतकी की आत शिरायला वाट नाही. त्याची आई आणि भाऊ बाहेर उभे राहून निरोप पाठवतात. तेव्हा तो भोवती बसलेल्यांकडे बघून सांगतो की, देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारं प्रत्येक माणूस माझा भाऊ, माझी बहीण आणि माझी आई. रविवारच्या शाळेत जाणाऱ्या मुलींच्या कानावर हे लहानपणापासून पडतं. पुढे पौल हा प्रचारक रोमच्या मंडळीला पत्र लिहितो आणि शेवटी माणसांची नावं घेऊन सलाम सांगतो. त्या यादीत बऱ्याच बायका आहेत. त्यात रूफ नावाच्या माणसाच्या आईला सलाम सांगताना ती आपलीही आईच असल्याचं तो लिहितो. ती कोण, तिने पौलासाठी काय केलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. परगावाहून आलेल्या, घरदार नसलेल्या एका प्रचारकाला तिने कधीतरी जेवू घातलं असेल, आजारात बघितलं असेल. आई म्हणवून घ्यायला तेवढं पुरलं.

बायकांच्या सभांमध्ये रूथची गोष्ट वारंवार निघते. ती जुन्या करारातली, म्हणजे मुळात यहुद्यांची. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेल्या नामीचा नवरा तिथे मरतो, दोन्ही मुलगे मरतात. उरतात त्या तिघी विधवा, सासू आणि दोन परक्या जातीच्या सुना. नामी दोघींना माहेरी परत जा म्हणते. एक जाते. रूथ मात्र सासूला सोडत नाही, तिच्याबरोबर बेथलेहेमला येते, लोकांच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरते आणि पुढे बवाजाशी लग्न करते. इथवर बहुतेकांना माहीत असतं. मला महत्त्वाचा वाटतो तो शेवट. रूथला मुलगा होतो तेव्हा गावातल्या शेजारणी जमतात, नामीला मुलगा झाला असं म्हणतात आणि त्याचं नाव ओबेद ठेवतात. बारशाचा मान शेजारणींचा. आणि हे बाळ नामीचं, असं ठरवणाऱ्याही त्याच. खरं पाहता त्या मुलात नामीचा रक्ताचा थेंबही नाही. नातं जाहीर करायचा अधिकार तिथे आळीतल्या बायकांनी स्वतःकडे घेतला आहे.

महाराष्ट्रात ही शिकवण घराघरांत शिरली ती मात्र गोष्टी ऐकून नाही, गरजेपोटी. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणं म्हणजे काय होतं, याची आज कल्पना येणं अवघड आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला. त्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर बहिष्काराची वेळ आली आणि प्रायश्चित्ताच्या वाटाघाटी सुरू झाल्या. कपभर चहाने एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर धर्म बदललेल्या घरातल्या बाईचं काय होत असेल! बाप्तिस्मा घेणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० चा कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलं तर वेगळं होण्यासाठी १८६६ चा कायदा होता. पण माहेर परत आणून देईल, बाळंतपणाला आई पाठवील, दिवाळीला भाऊ बोलावील असा कायदा कुठलं सरकार करणार? पुरुषाला मिशनमध्ये नोकरी मिळे, चार माणसं भेटत, वाद घालायला वर्तमानपत्र असे. बाईचं सगळं जग नात्यांचं, आणि तेच एका दिवसात पुसलं जाई.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. सासूबाईंनाही वाचायला द्या. जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी, अतिशय कडक सोवळ्यात वाढलेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. नातेवाइकांनी त्यांना सांभाळलं आणि जपलं, पण नवऱ्यापासून दूर ठेवलं. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या त्याही सुरुवातीला वेगळी चूल आणि वेगळं पाणी राखून. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० साली. पुस्तकात त्यांनी लिहिलं आहे की जातीचा पीळ त्यांच्या मनातून त्याआधीच सुटला होता. माणसामाणसांत हे भेद देवाने केले की माणसांनी, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला आणि इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं ठरवून टाकलं. कुणी पाळकाने येऊन पटवलं नव्हतं. मग त्याच बाईंचं घर अनाथ पोरांचं, आल्यागेल्याचं, आजाऱ्यांचं घर झालं. जी गेली ती नाती त्यांना परत मिळाली नाहीत, पण पंगत पूर्वीपेक्षा मोठी झाली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तुमच्या प्रश्नाला जास्त जवळची. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, नवरा बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन ही विदुषी १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. वाँटेज गावच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे ती राहिली. या भगिनींचं काम पुण्यात पंचहौदला होतं, ओळख तिथली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इंग्लंडमधल्या त्या दिवसांत लंडनजवळच्या फुलहॅमला तिने जे पाहिलं ते तिच्या मनात घर करून राहिलं. समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या बायकांना भगिनींनी तिथे आपल्या घरात ठेवलं होतं. त्यांची सेवा चालली होती, त्यांना हात धरून पुन्हा उभं केलं जात होतं. अशा बायकांशी कुणी मायेने वागताना रमाबाईंनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भगिनी असं का करतात, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी तिला विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट काढून दिली.

या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांत 'आजीबाई' म्हणत. गोरी इंग्रज संन्यासिनी, आणि तिला कोकणातल्या नातवंडाने मारावी तशी हाक! पण हे नातं गोडगोड राहिलं नाही. रमाबाईंनी मुकाट्याने ऐकावं, चर्च सांगेल ते मानावं, अशी आजीबाईंची अपेक्षा. रमाबाई एकेका धर्मसिद्धांतावर प्रश्न विचारणाऱ्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकवू लागल्या तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली. त्यांनी शेवटपर्यंत शाकाहार सोडला नाही, त्यावरूनही बोलणी झाली. पत्रांतून दोघी कडाडून भांडल्या, दुखावल्या, आणि तरीही त्यांनी एकमेकींना लिहायचं थांबवलं नाही. मी याला खरं नातं म्हणतो. जिथे भांडायची मुभा नाही तिथे नुसता शिष्टाचार असतो. रमाबाईंनी भगिनींची माया घेतली, पण लगाम हातात दिला नाही.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांनी धर्म बदलला नाही. सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा आक्षेप आला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हेही मी मुद्दाम सांगतो, कारण सासूबाईंच्या मनात तीच शंका असणार. ती शंका सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि त्या काळी ती ज्यांना आली ती माणसं बायकांचं हितच पाहणारी होती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन आणि फुलहॅमला पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी कृपा सदन. शेती, गुरं, तेलघाणा, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलची अक्षरं जुळवणाऱ्या बायका याच छापखान्यातल्या. त्यांच्यातल्या बऱ्याचजणींना काही वर्षांपूर्वी आपलं नावही लिहिता येत नव्हतं. मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. रक्ताचं माणूस मागे कुणी उरलं नाही. केडगाव मात्र आजही चालू आहे.

आता जातीचं. तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगतो. असते. मी वर ज्यांची नावं घेतली त्या दोघी ब्राह्मण घरातल्या. लिहिणाऱ्या त्या होत्या म्हणून त्यांच्या आठवणी आपल्यापर्यंत आल्या. पण नगर, जालना या भागांतली बहुसंख्य मराठी ख्रिस्ती घराणी महार आणि मांग समाजातून आलेली. गावोगाव पायी हिंडून बायकांना अक्षरं आणि गाणी शिकवणाऱ्या, बाळंतिणींना बघणाऱ्या 'बायबल वुमन' बहुधा याच घरांतल्या. त्यांच्या नावाने पुस्तकं नाहीत, रस्ते नाहीत. तरी या भगिनीभावाचा खरा भार त्यांनी वाहिला, असं माझं ठाम मत आहे. नगरलाच अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. ही अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईत उतरली आणि १८६२ मध्ये नगरला वारली. तिची शाळा बघून जोतिराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. पण बाकावर शेजारी बसणं वेगळं आणि सोयरीक जुळवणं वेगळं. प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून घेणारी घरं मुलीच्या लग्नाच्या वेळी अजूनही 'आपल्यातला' मुलगा शोधतात. त्यातून कायद्याने अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदूंना, नंतर १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, दलित ख्रिस्त्यांना नाही. म्हणजे गावात जात चिकटलेलीच आणि कागदावर तिचा आधार नाही. त्या घरातल्या मुलीला शिकायला फी कुठून आणायची, हा प्रश्न मग चर्चच्या महिला मंडळाच्या पुढ्यात येतो.

जात नात्यांचं काय करते ते पाहायला तुम्हाला लांब जायला नको. तुमच्या धाटावावरून वाहणारी कुंडलिका रोह्याच्या पुढे खाडी होते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, डोंगरावरच्या किल्ल्याच्या पायथ्याला कोर्लई आहे. तिथल्या कॅथलिक वस्तीत आजही पोर्तुगीजपासून बनलेली एक बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज चौलहून १७४० मध्ये निघून गेले, तरी भाषा टिकली. अभ्यासकांनी कारण दिलं आहे ते असं की, ही माणसं हिंदू शेजाऱ्यांपासून धर्माने आणि वरच्या जातीच्या ख्रिस्त्यांपासून जातीने वेगळी पडली. लग्नं आपसांत, भाषा आपसांत, देऊळ म्हणजे माउंट कार्मेल मातेचं चर्च गावात. मुलाला पहिली बोली शिकवायची ती आईने, म्हणून अडीचशेहून जास्त वर्षं ही बोली आयांच्या तोंडी चालत आली. कोर्लईत ज्या बाया एका बाकावर बसतात त्या एकमेकींच्या खरोखरच मावश्या, नणंदा, चुलत बहिणी. धाटावात त्याच नदीवर, पन्नास किलोमीटरच्या आत, बाकावर बसलेल्या बाया चार राज्यांतल्या, चार भाषांच्या, एकीचं दुसरीशी काही लागत नाही. तरी एकीच्या बाळंतपणाला दुसरी धावते. कोर्लईसारख्या गावात नातं आयतं मिळतं. कारखान्याच्या गावात ते रोज नव्याने करावं लागतं, आणि म्हणून मला तुमच्या शेजारणीकडे डबा आणणाऱ्या बायकांचं जास्त कौतुक वाटतं. बदली झाली, कंपनी बंद पडली की यातली कुणीतरी जाणार, दुसरी येणार, हे त्यांना ठाऊक असतं. तरी त्या पुन्हा पाळ्या लावतात.

हे काम चालतं कसं, ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. महिला मंडळाची सभा आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, आळीपाळीने कुणाच्या तरी घरी. प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या जातात. एखादी सांगते, सासऱ्यांचं ऑपरेशन आहे. दुसरी म्हणते, मुलाची फी भरायची राहिली आहे. कुणी काही न बोलता नुसती रडते. प्रार्थना होते, चहा होतो, आणि पायरीवर चपला घालताना खरं नियोजन सुरू होतं : दवाखान्यात रात्री कोण थांबणार, धाकट्याला शाळेतून कोण आणणार, थोडे पैसे कुणाकडे आहेत. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० च्या सुमाराला एक रीत पाडली. स्वयंपाकाला तांदूळ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ बाजूला काढायची आणि जमलेले तांदूळ चर्चच्या कामाला द्यायचे. ती रीत आजही चालू आहे, आणि तिथल्या चर्चच्या मोठ्या कामांना त्या मुठीचा आधार आहे. बायबलमध्ये यापो गावची टबीथा मरते तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत तिने शिवून दिलेले सदरे आणि झगे येशूचा शिष्य पेत्र याला दाखवतात. तिची भाषणं कुणी आठवत नाही. जगभरच्या चर्चमधल्या शिवणकामाच्या मंडळांना तिचं दुर्कस हे दुसरं नाव दिलं गेलं, ते उगाच नाही.

अंत्यविधीचंही सांगायला हवं. ख्रिस्ती घरांत बायका कबरस्तानापर्यंत जातात, मातीही देतात. परगावी मेलेल्या बाईला न्हाऊ घालून साडी नेसवणाऱ्या मंडळातल्याच असतात. भाऊ विमानाने पोचेपर्यंत घरातलं सगळं त्यांनी उरकलेलं असतं.

या नात्याची एक बाजू मला अस्वस्थ करते, आणि ती लपवून मी तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही. नवरा मारतो असं एखादीने सांगितलं तर पुष्कळ ठिकाणी बहिणींचा सल्ला असतो, "सोस, प्रार्थना कर, देव त्याचं मन बदलेल." मायेने दिलेला हा सल्ला बाईचा जीव घेऊ शकतो. कायदाही बराच काळ याच बाजूला होता. ख्रिस्त्यांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा टाकून देणंही दाखवावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये हा भेद खोडला, आणि संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला. डबा आणणाऱ्या केरळच्या ताईंना मेरी रॉय हे नाव ठाऊक असेल. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यात सिरियन ख्रिस्ती मुलीला वडिलांच्या मालमत्तेत भावाच्या हिश्श्याचा पाव भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल तेवढंच मिळे. मेरी रॉय कोर्टात गेल्या, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समान वाटा दिला. खटला भरला तो स्वतःच्या भावाविरुद्ध, आणि समाजातल्या कित्येकांनी तोंड फिरवलं. बहीण म्हणवणाऱ्या मंडळाची परीक्षा अशा वेळी होते. मार खाऊन आलेल्या बाईला रात्री घरात घेणारी, सकाळी पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर जाणारी मंडळंही आहेत. ती प्रत्येक गावात असायला हवीत, एवढं मी हात जोडून म्हणतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. जा. मनात काही किंतु ठेवू नका. घरातली प्रार्थना असेल तर चपला दाराशी काढायच्या, जमिनीवर सतरंजी असते. आधी दोन-तीन गाणी होतात, मराठी सभा असेल तर बहुधा 'उपासना-संगीत' मधली. चाली ऐकून तुम्हाला नवल वाटेल, कारण नारायण वामन टिळकांसारख्यांनी रचलेली पुष्कळ पदं अभंग-ओवीच्या वळणावरची आहेत. मग बायबलमधला एक उतारा वाचतात, त्यावर एखादी बोलते, कुणी स्वतःच्या आयुष्यातली साक्ष सांगते, मग प्रार्थना. डोक्यावर पदर घेणाऱ्या असतात, न घेणाऱ्याही असतात. तुम्ही तुमच्या सवयीने बसा. आरती नसते, प्रसाद नसतो, चहा-नाश्ता नक्की असतो. दानाची पिशवी फिरली तर काही टाकलंच पाहिजे असं नाही. चर्चमधल्या उपासनेला गेलात आणि प्रभुभोजन असलं, तर ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. त्या वेळी आपल्या जागेवर शांत बसून राहायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. धर्म बदलायचा विषय कुणी काढला आणि तुम्हाला नको असेल तर हसतमुखाने पण स्पष्ट 'नाही' म्हणा. आनंदीबाई कर्वे ख्रिस्ती बाईच्या घरात राहून शिकल्या आणि आपल्या धर्मात राहिल्या, हे सासूबाईंना सांगायला हरकत नाही.

पहिल्यांदा जायला मार्चचा पहिला शुक्रवार चांगला. तो स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन. दर वर्षी एका देशातल्या बायका त्या दिवसाची उपासना लिहून देतात आणि शंभरावर देशांत तीच वाचली जाते. वेगवेगळ्या पंथांच्या बायका त्या दिवशी एकत्र येतात, त्यामुळे नवखी बाई एकटी पडत नाही. त्या देशाची माहितीही सांगतात : तिथे काय पिकतं, मुली कितव्या वर्षापर्यंत शाळेत जातात, पाणी कुठून आणतात. विनंत्यांची वेळ आली की तुम्हालाही विचारतील. मनात काही असेल तर सांगा. नाव न घेता सांगितलं तरी चालतं. सांगायचं नसेल तर "आज काही नाही" एवढं म्हटलं की पुढचीचा नंबर.